एनसीव्ही-ईएमजी तपासणी: ल्युपस, शोग्रेन, आमवाताच्या रुग्णांना तिचा किती उपयोग?

हातापायांत मुंग्या, तळपायांची आग, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं. आमवात, ल्युपस, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार) किंवा स्क्लेरोडर्मा (त्वचा जाड-घट्ट करणारा आजार) असलेल्या रुग्णाने ही तक्रार सांगितली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक ओळ येते: ‘एनसीव्ही, चारही हातपाय’, म्हणजे नसांमधून वीज कशी आणि किती वेगाने वाहते ते पाहणारी तपासणी. पुण्या-मुंबईतच नाही, जिल्ह्याच्या गावीही ही तपासणी आता होते. तरी बहुतेक केंद्रांचा रोजचा सराव मधुमेहाच्या आणि मणक्याच्या रुग्णांवर झालेला असतो. ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांत, नसा वेगळ्या पद्धतीने बिघडतात, त्यामुळे मधुमेहासाठी ठरलेला साचा इथे लावला की रिपोर्ट चुकतो. म्हणून या एका सेवेचं परीक्षण फक्त या रुग्णांच्या बाजूने करतो आहोत.

आमचं मत आधीच सांगतो. नसांतल्या जाड तंतूंचं नुकसान शोधायला, ते कुठे आणि कोणत्या प्रकारचं आहे हे ठरवायला या तपासणीला आज तोड नाही. बारीक तंतूंच्या बाबतीत ती काहीच सांगत नाही. आणि या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते सगळं केंद्रावर अवलंबून आहे: हात गरम केला का, दोन्ही बाजू तपासल्या का, ईएमजीची सुई (स्नायूतली वीज टिपणारी) योग्य वेळी टोचली का.

एनसीव्हीमध्ये नसेवर त्वचेवरून विजेचा छोटा झटका देतात, साधारण ०.१ ते ०.२ मिलिसेकंदांचा, आणि पुढे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर उमटणारी लहर टिपतात. स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंची लहर मिलिव्होल्टमध्ये मोजतात, संवेदनेच्या तंतूंची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट लहान. तीन आकडे महत्त्वाचे: लहरीची उंची, ती यायला लागलेला वेळ, आणि वेग. हातात वेग सेकंदाला ५० मीटरच्या आणि पायात ४० मीटरच्या वर असावा असं ढोबळपणे धरतात. उंची कमी आणि वेग जवळपास ठीक असेल तर तंतूच मेले आहेत. वेग खूप कमी असेल तर तंतूंवरचं मायलिनचं आवरण बिघडलं आहे. हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे. व्हॅस्क्युलायटिसमध्ये नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजून बंद पडतात आणि तंतू मरतात. ल्युपसमध्ये कधीकधी गियाँ-बारेसारखा आवरणाचा आजार होतो. एकाला प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब लागेल, दुसऱ्याला इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज.

थंड हात

या रुग्णांच्या रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त घोळ तापमान घालतं. त्वचेचं तापमान हातावर किमान ३२ अंश सेल्सिअस आणि पायावर किमान ३० अंश असायला हवं. त्याखाली दर अंशाला वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने घटतो आणि लहर यायला साधारण ०.२ मिलिसेकंद जास्त लागतात.

आता स्क्लेरोडर्मा किंवा मिश्र संयोजी ऊतक आजाराच्या रुग्णाचा विचार करा. तिला रेनॉड आहे, म्हणजे थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, आणि ती वातानुकूलित प्रतीक्षागृहात अर्धा तास बसली आहे. तिच्या हाताचं तापमान २६ अंश असू शकतं. सहा अंशांचा फरक म्हणजे वेग साधारण १२ मीटरने कमी, आणि मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतचा वेळ ३.४ मिलिसेकंदांऐवजी ४.६. एवढ्यावर रिपोर्टमध्ये ‘दोन्ही हातांत कार्पल टनेल’, म्हणजे मनगटात नस दबली आहे, असं लिहिलं जातं. तीच गोष्ट पायात झाली की ‘आवरणाचा आजार’ हा शब्द येतो आणि रुग्ण महागड्या उपचारांच्या रांगेत उभा राहतो. उलटंही होतं. थंडीत लहरीची उंची वाढते, त्यामुळे तंतू खरोखर कमी झालेले असले तरी उंची ‘नॉर्मल’ दिसू शकते. म्हणजे थंड हात खोटा आजार दाखवतो आणि खरा लपवतोही.

यावर सूत्राने आकडा सुधारायची सोय असते. निरोगी नसेवर ते सूत्र बऱ्यापैकी चालतं, बिघडलेल्या नसेवर भरवशाचं नाही. हात खरोखर गरम करणं हाच मार्ग. कोमट पाण्यात हात ठेवून किंवा गरम पॅक लावून त्वचा लवकर तापते, आतली नस मागाहून तापते, म्हणून त्वचेचा आकडा ३२ वर आला की लगेच सुरुवात करू नये, आणखी थोडा वेळ द्यावा. बोटांवर व्रण असतील तर पाण्यात बुडवू नये, कोरडी ऊब द्यावी. संवेदना गेलेल्या त्वचेला चटका कळत नाही, म्हणून पाण्याची उष्णता तपासणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाहावी. चांगल्या केंद्राच्या रिपोर्टवर प्रत्येक हातापायाचं तापमान छापलेलं असतं. ते नसेल तर रेनॉडच्या रुग्णाने त्या रिपोर्टवरून कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असं आम्ही ठामपणे म्हणू.

त्वचेच्या आणखी दोन अडचणी आहेत. स्क्लेरोडर्मात त्वचा जाड आणि घट्ट असते, झटका आतपर्यंत पोचायला जास्त विद्युतप्रवाह लागतो. तंत्रज्ञाने रुग्णाला दुखेल म्हणून मध्येच थांबवलं तर सगळे तंतू पेटत नाहीत आणि लहर लहान येते. लहर वाढायची थांबल्यावरही प्रवाह आणखी २० ते ३० टक्के वाढवून खात्री करावी लागते. वाकलेल्या बोटांत संवेदनेच्या तपासणीच्या रिंगा नीट बसत नाहीत, तिथे चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड वापरावेत. दुसरी अडचण सुजेची. ल्युपसमध्ये मूत्रपिंडावर परिणाम होऊन पाय सुजले असतील तर इलेक्ट्रोड आणि नस यांच्यातलं अंतर वाढतं आणि घोट्यामागच्या सुरल नसेची लहर नुसत्या सुजेमुळे नाहीशी होते. अशा वेळी सूज उतरल्यावर फेरतपासणी करावी.

कोणत्या नसा, कधी

मधुमेहात दोन्ही पाय सारखे बिघडतात, म्हणून एक हात आणि दोन पाय एवढं पुरतं. व्हॅस्क्युलायटिसमध्ये तसं नाही. आज उजवं पाऊल अचानक पडतं, म्हणजे वर उचलता येत नाही, दोन आठवड्यांनी डाव्या हाताची करंगळी बधिर होते. गुडघ्याबाहेरून जाणारी पेरोनिअल नस सर्वांत जास्त वेळा बळी पडते. जुना, रूमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह आमवात, ल्युपस, शोग्रेन, हिपॅटायटिस सीबरोबर येणारं क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारं रक्तातलं प्रथिन) आणि एएनसीए या प्रतिपिंडाचे आजार, सगळ्यांत हे चित्र दिसू शकतं. पुढेपुढे इतक्या नसा जातात की दोन्ही पाय सारखेच दिसू लागतात आणि मूळचा डावा-उजवा फरक पुसला जातो. तो फरक पकडायचा तर दोन्ही बाजूंच्या त्याच नसा मोजून तुलना करायला हवी. एका बाजूची उंची दुसरीच्या निम्म्याहून कमी असेल तर ती महत्त्वाची, मग दोन्ही आकडे छापील मर्यादेत बसत असले तरीही. ज्या केंद्रात ‘एक बाजू केली की झालं’ असं सांगतात, ते या रुग्णांसाठी योग्य नाही.

वेळेचं गणितही माहीत हवं. नस अचानक मेली तरी तिचा पुढचा तुकडा काही दिवस वीज वाहून नेतो. स्नायूची लहर पाच ते सात दिवसांत पडते, संवेदनेची दहा-अकरा दिवसांत. सुईने दिसणाऱ्या फिब्रिलेशनच्या (नस तुटलेल्या स्नायूत आपोआप उमटणाऱ्या विजेच्या) खुणा यायला दोन ते तीन आठवडे लागतात. पाऊल पडल्याच्या तिसऱ्या दिवशी तपासणी केली तर रिपोर्ट जवळपास नॉर्मल येऊ शकतो. इतकंच नाही, मधल्या भागात झालेली इजा ‘कंडक्शन ब्लॉक’सारखी (वीज मध्येच अडल्यासारखी) दिसते आणि आवरणाचा आजार समजून दिशाभूल होते. तरी लवकर तपासणी करायला हरकत नाही, पूर्वीचं काय बिघडलेलं आहे ते त्यातून कळतं. फक्त तिसऱ्या आठवड्यात पुन्हा करायची हे आधीच ठरवावं. आणि व्हॅस्क्युलायटिसचा संशय पक्का असेल तर त्या तीन आठवड्यांसाठी स्टेरॉइड थांबवून ठेवू नयेत. तपासणी थांबू शकते, नस थांबू शकत नाही.

शोग्रेन आणि बी-६

शोग्रेनमध्ये एक खास प्रकार होतो. नसेच्या टोकाला नव्हे, तर मणक्याजवळच्या संवेदना-गाठींमध्ये बसलेल्या पेशींवरच हल्ला होतो. रुग्णाची ताकद शाबूत असते, पण हातपाय कुठे आहेत हे डोळे मिटल्यावर कळत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जातो. रात्री दिवे गेले की भिंत धरून चालावं लागतं. एनसीव्हीमध्ये स्नायूंच्या लहरी ठणठणीत आणि संवेदनेच्या लहरी गायब, तेही हातात पायापेक्षा जास्त किंवा एका बाजूला जास्त. हे चित्र कागदावर स्पष्ट असूनही कित्येक रिपोर्ट ‘सेन्सरी पॉलिन्यूरोपॅथी’ एवढंच लिहून थांबतात. केंद्र चांगलं असेल तर तिथे चेहऱ्याच्या नसेसाठी ब्लिंक रिफ्लेक्सही (डोळे मिचकावण्याची चाचणी) करतात, कारण या आजारात आणि स्क्लेरोडर्मातही चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस बधिर होते.

इथे एक साधी गोष्ट विचारायची राहून जाते: रुग्ण नसांच्या कोणत्या गोळ्या घेतो? बी-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर, घेतलं तर नेमक्या याच संवेदना-गाठी बिघडू शकतात. मुंग्या येतात म्हणून औषध दुकानातून दोन वेगवेगळ्या नावांच्या ‘नर्व्ह’ गोळ्या आणि वर बी-कॉम्प्लेक्स, अशी बेरीज सहज होते. पाकिटांवरची पायरिडॉक्सिनची (बी-६चं दुसरं नाव) मात्रा बेरीज करून पाहावी. दुसऱ्या टोकाला, बायोलॉजिक औषध सुरू करण्याआधी क्षयरोग टाळायला आयसोनियाझिड देतात. ते बी-६ कमी करून नसा बिघडवतं, म्हणून त्याच्यासोबत पायरिडॉक्सिनची छोटी मात्रा, साधारण दिवसाला १० ते ५० मिलिग्रॅम, द्यायलाच हवी.

शोग्रेनमध्ये नसांचा त्रास डोळे-तोंड कोरडे पडण्याच्या आधीही सुरू होऊ शकतो. त्यामुळे ‘कोरडेपणा नाही, म्हणजे शोग्रेन नाही’ असं समजू नये. डोळ्यांच्या शिर्मर चाचणीत पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओल, रक्तात आरओ प्रतिपिंड, आणि आतल्या ओठाच्या लाळग्रंथीच्या तुकड्यात ४ चौरस मिलिमीटरमागे किमान एक पेशीपुंज, या तिन्हींचा आधार घेता येतो. आरओ निगेटिव्ह आला तर ओठाचा तुकडा तपासण्याला जास्त महत्त्व येतं.

जे या तपासणीला दिसत नाही

सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे, आणि ती केंद्राविषयी नाही, तपासणीच्या मर्यादेविषयी आहे. वेदना आणि उष्णता-थंडी वाहून नेणारे तंतू इतके बारीक आणि मंद असतात की एनसीव्हीच्या लहरीत ते उमटतच नाहीत. फक्त हेच तंतू बिघडले तर तळपाय पेटल्यासारखे होतात, चादरीचा स्पर्श सहन होत नाही, आणि एनसीव्ही शंभर टक्के नॉर्मल येते. मग रुग्णाच्या हातात तो कागद देऊन ‘नसा उत्तम आहेत, टेन्शन कमी करा’ असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे आणि त्याने माणसं खचतात. नॉर्मल एनसीव्हीचा अर्थ ‘जाड तंतू ठीक आहेत’ एवढाच घ्यावा.

बारीक तंतू पाहायचे तर त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा घेतात. बाहेरच्या घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवर एक, आणि मांडीच्या वरच्या भागात एक. जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन काही मिनिटांत होतं, टाके लागत नाहीत. पीजीपी ९.५ नावाच्या प्रथिनाचा रंग देऊन वरच्या थरातले तंतू मोजतात आणि वय-लिंगानुसार असलेल्या आकड्यांशी ताडतात. शोग्रेनच्या रुग्णात मांडीचा तुकडा वगळू नये. या आजारात बारीक तंतू पायाच्या टोकापासून क्रमाने जातीलच असं नसतं. मांडी, धड, चेहरा, टाळू कुठेही आग होते, आणि घोट्यापेक्षा मांडीतले तंतू जास्त कमी झालेले सापडू शकतात.

या सेवेत जे बिघडतं ते बहुतेक वेळा तुकडा पाठवताना. नेहमीच्या सवयीने तो फॉर्मॅलिनच्या डबीत टाकला तर तंतूंची मोजणी बिघडते. त्याला पीएलपी किंवा झांबोनी नावाचं वेगळं द्रावण लागतं, ठरावीक तासांनंतर दुसऱ्या द्रावणात बदलावं लागतं आणि थंड साखळीत पाठवावं लागतं. भारतात ही मोजणी नीट करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. म्हणून आधी प्रयोगशाळेला फोन करून तिचं द्रावण मागवावं आणि मगच तुकडा घ्यावा.

मधुमेहाच्या शिबिरांत फुकट होणारी बायोथेसिओमीटरची तपासणी, ज्यात पायाला कंप देणारी दांडी लावून व्होल्टचा आकडा देतात, या रुग्णांना फारशी उपयोगाची नाही. तीही फक्त जाड तंतू पाहते, तेही तळपायापुरते, आणि आकडा रुग्णाच्या उत्तरावर ठरतो. घामाच्या स्वायत्त (आपोआप काम करणाऱ्या) नसांसाठी ‘एसएसआर’ म्हणून एक चाचणी एनसीव्हीसोबतच करून देतात. ती नॉर्मल आली तरी स्वायत्त नसा ठीक आहेत असं म्हणता येत नाही. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजणं हे तिच्यापेक्षा जास्त सांगून जातं, आणि ते कोणत्याही दवाखान्यात होतं.

सुई

ईएमजीची सुई ही एनसीव्हीपेक्षा वेगळी तपासणी आहे आणि तिचं बिलही बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. एनसीव्ही प्रशिक्षित तंत्रज्ञाने केली तर चालते. सुई मात्र डॉक्टरनेच टोचावी, कारण पुढची जागा कोणती हे त्या क्षणी पडद्यावर पाहून ठरवायचं असतं. सुई दर रुग्णाला नवी असते. ती समोर उघडायला सांगण्यात संकोच करू नये.

अँटिफॉस्फोलिपिडच्या (रक्तात गुठळ्या करणाऱ्या आजाराच्या) रुग्णांनी रक्त पातळ करणारं वॉरफरिन स्वतःहून बंद करून येऊ नये. सुईच्या छोट्या रक्तस्रावापेक्षा गुठळीचा धोका कितीतरी मोठा आहे. ताजा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा) रिपोर्ट आणावा. तो ३ च्या आसपास किंवा खाली असेल तर वरवरच्या स्नायूंत सुई टोचून नंतर दाबून धरणं सामान्यतः पुरतं. ल्युपसमध्ये प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर तपासणाऱ्याला आधी सांगावं. स्नायूदाहाचा संशय असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी) रक्ततपासणी सुईच्या आधी करावी, नंतर ती वाढलेली येऊ शकते. आणि सुई शरीराच्या एकाच बाजूला टोचावी, म्हणजे स्नायूचा तुकडा घ्यायला दुसरी बाजू अस्पर्श राहते. टोचलेल्या जागेतला तुकडा सूज असल्यासारखा दिसतो. स्टेरॉइडमुळे मांड्या अशक्त झाल्या असतील तर एनसीव्ही आणि सुई दोन्ही बहुधा नॉर्मल येतात, आणि तिथे ते उत्तर खरोखर उपयोगी असतं.

आमवात: मनगट आणि मान

आमवातात सर्वांत जास्त दिसणारा त्रास मनगटातल्या सुजेने मेडियन नस दबण्याचा. इथे ही तपासणी पैसे वसूल करून देते. नेहमीचे आकडे काठावर असतील तर अनामिकेची तुलना मागावी. या बोटाला मेडियन आणि अल्नर दोन्ही नसांची संवेदना असते, म्हणून १४ सेंटिमीटरवरून दोन्हींचा वेळ मोजून अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक आला तर निदान पक्कं होतं. दोन्ही लहरी एकाच बोटात असल्याने थंडीचा परिणामही दोन्हींवर सारखाच होतो. घोट्याच्या आत टार्सल टनेलमध्येही असंच दबणं होतं.

मान मात्र कोणी विसरू नये. जुन्या आमवातात मानेचा पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवरून सरकतो आणि मज्जारज्जू दबतो. हात बधिर, पाय ताठ, चालताना अडखळणं, लघवीवरचं नियंत्रण ढिलं, मान वाकवली की पाठीत वीज गेल्यासारखं वाटणं. या रुग्णाची एनसीव्ही नॉर्मल येईल, किंवा योगायोगाने कार्पल टनेल दाखवून सगळ्यांना भलत्याच वाटेवर नेईल. त्याला मानेचा एक्स-रे आणि एमआरआय लागतो, मानेला मालिश किंवा झटके देऊ नयेत.

रिपोर्ट हाती आल्यावर

‘मोनोन्यूरायटिस मल्टिप्लेक्स’ (वेगवेगळ्या नसा एकेक करून बिघडणं) असा शब्द रिपोर्टवर दिसला की संधिवाताच्या रुग्णात लगेच व्हॅस्क्युलायटिस म्हटलं जातं. आपल्याकडे त्याआधी कुष्ठरोग वगळायलाच हवा. २००५ च्या अखेरीस देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली, तरी चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडतातच. कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनमध्ये सांधे सुजतात, ताप येतो, एएनए (ल्युपससारख्या आजारांची रक्तचाचणी) आणि रूमॅटॉइड फॅक्टरही पॉझिटिव्ह येऊ शकतात. एनसीव्ही दोघांतला फरक सांगू शकत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरची बोटं सांगू शकतात. कोपरामागची अल्नर, गुडघ्याबाहेरची पेरोनिअल आणि मानेच्या बाजूची ग्रेटर ऑरिक्युलर नस जाड लागते का, अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टा आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. सोनोग्राफीवर जाडी मोजताही येते. कुष्ठरोगाचे बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि तो आजार ओळखला न जाता सायक्लोफॉस्फामाइड दिलं गेलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

शाकाहारी रुग्ण असेल किंवा मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ पाहावं. साखर, थायरॉइड, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सी-३, सी-४ (रक्तातली प्रतिकार-प्रथिनं), एएनसीए याही त्याच यादीत. क्रायोग्लोब्युलिनची नळी ३७ अंशांवर गरम ठेवूनच प्रयोगशाळेत न्यावी लागते. ती थंड होऊ दिली तर प्रथिनं गुठळीबरोबरच खाली बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेकडून ही एक तपासणी करून घेऊ नये.

मग औषधं. आमवातावरचं लेफ्लुनोमाइड सुरू करून काही महिन्यांनी तळपायांत मुंग्या आल्या तर आजाराला दोष देण्याआधी औषधाकडे पाहावं. लवकर बंद केलं तर सुधारणा होते, आणि ते शरीरात फार काळ रेंगाळतं म्हणून कोलेस्टिरामाइन देऊन बाहेर काढता येतं. त्वचेच्या ल्युपससाठी थॅलिडोमाइड देणार असतील तर सुरू करण्याआधी एक एनसीव्ही हवी आणि पुढे साधारण सहा महिन्यांनी तुलना. डॅप्सोन, मूत्रपिंड अशक्त असताना कोल्चिसिन, आणि टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं हीही संशयाच्या यादीत. शोग्रेनच्या रुग्णाला आग कमी करायला अमिट्रिप्टिलिन दिलं तर तोंड आणखी कोरडं पडतं. तिथे प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन बरं, प्रीगॅबालिनची मात्रा मूत्रपिंडाप्रमाणे कमी करून.

केंद्र निवडताना

दर साधारणपणे किती हातपाय तपासायचे यावर ठरतो, खासगी केंद्रात काही हजारांपर्यंत जातो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तो बराच कमी असतो, तारीख मात्र उशिरा मिळते. दरापेक्षा फोनवर विचारायचे प्रश्न महत्त्वाचे. त्वचेचं तापमान मोजून रिपोर्टवर लिहिता का? दोन्ही बाजू करता का? सुई लागली तर डॉक्टर त्याच दिवशी असतात का? लहरींचे आलेख रिपोर्टसोबत देता का? शेवटचा प्रश्न सोडू नका. मशीन लहरीची सुरुवात स्वतः खुणावतं आणि संवेदनेच्या छोट्या लहरीत ती खूण बरेचदा चुकीच्या जागी पडते. आलेख असेल तर दुसरा न्यूरॉलॉजिस्ट ती सुधारून वाचू शकतो, नुसता आकड्यांचा तक्ता असेल तर पुन्हा झटके सोसण्याला पर्याय राहत नाही. सोबत वय आणि उंची लिहिलेली असावी. साठीनंतर सुरल लहर लहान होणं नैसर्गिक आहे, आणि उंच माणसाचा पायातला वेग थोडा कमीच असतो.

जाताना उपाशी राहायची गरज नाही. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. अंगठ्या, बांगड्या, जोडवी घरीच काढावीत. बोटं सुजल्यावर केंद्रात काढताना हाल होतात. गुडघ्याच्या वर सरकतील असे सैल कपडे घालावेत, हातमोजे-पायमोजे घालूनच जावं. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल तर तारीख घेतानाच सांगावं. स्टेरॉइडने त्वचा कागदासारखी पातळ झाली असेल तर चिकटपट्टी ओलसर करून हळू सोडवायला सांगावं. चारही हातपाय आणि सुई मिळून तास-दीड तास लागतो. वीस मिनिटांत सगळं उरकलं तर काहीतरी वगळलेलं आहे.

चिठ्ठीवर नुसतं ‘एनसीव्ही’ असेल तर डॉक्टरांकडून प्रश्न लिहून घ्यावा. ‘आमवात १२ वर्षं, उजवं पाऊल तीन आठवड्यांपूर्वी पडलं, व्हॅस्क्युलायटिस आहे का, तुकडा घ्यायला कोणती नस योग्य?’ असं लिहिलं की तपासणारा त्या नसा नीट शोधतो. नसेचा तुकडा घ्यायचाच झाला तर तो एनसीव्हीने बिघडलेल्या दाखवलेल्या नसेतूनच घ्यावा, ठीक असलेल्या नसेत व्हॅस्क्युलायटिस सापडण्याची शक्यता कमी. नडगीच्या बाहेरची सुपरफिशियल पेरोनिअल नस आणि तिच्याच चिरेतून पेरोनिअस ब्रेविस स्नायू, असे दोन्ही तुकडे घेतले तर निदान सापडण्याची शक्यता वाढते. त्या नसेच्या भागात पुढे कायमची बधिरता राहते, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी रुग्णाला कळलेलं असावं.

उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला एनसीव्ही करण्यात अर्थ नाही. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटरने, गुडघ्यापासून पावलापर्यंत पोचायला वर्ष लागतं, आणि तोवर आकडे हलत नाहीत. टाचेवर आणि चवड्यावर उभं राहता येतं का, शर्टाचं बटण लागतं का, डोळे मिटून तोल राहतो का, हे दर भेटीत पाहिलं तर प्रगती जास्त चांगली कळते. फेरतपासणी नवीन नस बिघडली किंवा सुधारणा थांबली तर करावी, शक्यतो त्याच केंद्रात, त्याच बाजूंनी आणि जवळपास त्याच तापमानाला. आधीचा रिपोर्ट आलेखांसह सोबत न्यावा.